जाड केबल आणि दादांचे कान

आमच्या भागात माणसाला विजेचं जे ज्ञान असतं ते घरात मिळालेलं नसतं, वावरात मिळालेलं असतं. आणि त्या ज्ञानाचं पहिलं आणि शेवटचं कलम एकच : तार जाड पाहिजे. खांब असतो वरच्या बांधाला आणि बोअर पार ओढ्याच्या कडेला. मधल्या पल्ल्यात बारीक वायर टाकली की मोटर कण्हते, तापते, आणि पाण्याची धार अशी येते की चिमणी प्यायला बसली तर तिला थेंबाची वाट बघावी लागते. तेच जाड केबल टाकून बघा. माझ्या बोअरला मी जाड केबल टाकली त्या दिवशी पाइप हातातून निसटला आणि त्या धारेनं शेजाऱ्याच्या बांधावरची बोर अशी झोडपली, की बोरं वेचायला बाया दिंद्रुडच्या वेशीपर्यंत पसरल्या. यात थोडं इकडं-तिकडं असेल. पण जाड तारेनं मोटरीत जीव येतो हे खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणूनच पुढचा सगळा घोटाळा झाला.

घोटाळा माझ्या थोरल्या भावाच्या कानांचा.

दादांची पिठाची गिरणी होती. आधी इंजिनावर, मग मोटरीवर. अख्खी उमर त्यांनी त्या धडधडीत काढली आणि त्या धडधडीतूनच त्यांचे कान तयार झाले. जात्याच्या दगडाला टाकी लावायची वेळ झाली हे ते आवाजावरून ओळखायचे. ज्वारी वाळलेली आहे की दमट, हे दाणे पडताना ऐकून सांगायचे. एकदा कुणाच्या तरी गव्हात खडा गेला, तर दादा गिरणी बंद न करता म्हणाले, "हा खडा काळ्या रानातला न्हाई, माळावरचा हाय." गहू खरंच माळावरचा निघाला. खडा कुठल्या गटनंबरातला हेही ते सांगणार होते, पण गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं.

अशा कानाच्या माणसाकडं गावानं सप्ताहाचं मशीन दिलं नसतं तरच नवल. मशीन म्हणजे मिक्सर, त्यावरच्या बटणांची रांग आणि खांबांवरचे भोंगे. दरवर्षी हरिनाम सप्ताहात कीर्तनाला दादा त्या मशीनवर बसत. विणेकऱ्याची जागा जशी ठरलेली, तशी ही ठरलेली. बाहेरगावचे महाराज यायचे ते आधी विचारायचे, "मशीनवर कोण हाय? गिरणीवाले दादा? मग झालं." आणि घसा खाकरायचे.

घरी दादांचं स्वतःचं वेगळं मशीन होतं. ओसरीवर कपाटाएवढे दोन लाकडी स्पीकर (त्यातल्या एकाच्या मागच्या बाजूनं आत शिरून आमच्या मांजरीनं दोन बाळंतपणं उरकली) आणि एक अँप्लिफायर. गिरणी दुसऱ्याला चालवायला दिल्यापासून दादा रोज दुपारी जेवून तिथं बसायचे आणि आपल्याच देवळात, आपणच भरून घेतलेले जुन्या सप्ताहांचे अभंग ऐकायचे. मी भिंतीला भिंत लावून राहतो. मला ऐकायला उठून जायची गरज नव्हती, तरी जायचो. दोघांनी मिळून गप्प बसायचं एवढं एकच काम आम्हा भावांना चांगलं जमतं.

तर गेल्या वर्षीच्या सप्ताहात, पहिल्याच कीर्तनात, टाळ असे वाजले की देवळावरची पारवं उठली ती म्हणे परळीला जाऊन बसली आणि काला होईपर्यंत परतली नाहीत. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या कानांवर ओढल्या. महाराजांनी दुसरा चरण डोळे मिटून म्हटला. लोकांना वाटलं समाधी लागली. ते दात आवळत होते. आणि दादा मशीनवर बसून बारीक आवाजाचं बटण अजून थोडं वर फिरवत होते. चेहऱ्यावर अशी काळजी, जणू घरात लेकरू तापानं फणफणलंय.

त्यांना टाळ ऐकू येत नव्हते.

पखवाज येत होता, माणसाचं बोलणं येत होतं. कानाचं म्हातारपण वरून सुरू होतं. आधी टाळ जातात, मग चिमण्या, मग बायकांचं हळू बोलणं. शेवटच्या नुकसानीबद्दल दादांची फार तक्रार नव्हती. पण टाळ गेले म्हणजे मशीनवरची जागा गेली, आणि ती जागा हीच त्यांची गावातली ओळख होती. गिरणी सुटल्यावर दुसरी राहिली नव्हती.

हे गावाला त्याच दिवशी कळलं. आता गावानं काय करावं? आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला त्याचं उणं तोंडावर सांगत नाहीत. पण बोलावं तर लागतं, म्हणून ते लाइटीवर घालतात. निरोप दिला नाही तर लाइट नव्हती. सोयरीक मोडली तर लाइट गेल्यामुळं मुलगी नीट बघता आली नव्हती. कीर्तन संपल्यावर दादांनी सप्ताहाच्या पंचांपैकी म्होरक्याला विचारलं, "टाळ दबल्यासारखे वाटले का बे?"

त्याच्या कानात अजून घंटा वाजत होत्या. तो म्हणाला, "जरासे. लाइटीत दम न्हाई, दादा. डीपीवर लोड आलाय."

"मलाबी तेच वाटतंय. घरच्या मशीनातबी टाळ येईनात."

"मग तर लाइटच," म्होरक्या म्हणाला. आजूबाजूच्या दहा-वीस जणांनी माना डोलावल्या. त्यात एक मान माझी होती.

दादांनी ते खरं धरलं. का धरू नये? मोटर कण्हत होती तेव्हा तार जाड केली, मोटर बोलली. मग अँप्लिफायर काय, तीही मोटरच, फक्त पाण्याऐवजी अभंग उपसते.

त्यांनी आधी स्टॅबिलायझर आणला. मग ओसरीच्या पायरीशी खड्डा घेऊन अर्थिंग केली : तांब्याची पट्टी, कोळसा आणि अख्खं पोतं मीठ. अर्थिंग ओली राहावी म्हणून रोज ऐकायला बसण्याआधी दादा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायचे. लोक तुळशीला घालतात तसं. वहिनी म्हणाल्या, "तिथं आता मासे यायचे. समुद्रातले."

मग बोअरची उरलेली केबल आणली, ती चपटी, तीन तारांची. तिला घरचा प्लग बसेना, म्हणून गिरणीचा जुना स्टार्टर भिंतीला ठोकला. तेव्हापासून अभंग ऐकायचा तर आधी हिरवं बटण दाबायचं. खट् आवाज व्हायचा, शेजारच्या म्हशी बोअर चालू झाला समजून हौदाकडं निघायच्या आणि मग विणा लागायची.

टाळ आले नाहीत.

पुण्याचा पुतण्या, म्हणजे दादांचाच मुलगा, बापाला फोनवर म्हणाला, "आण्णा, ते समदं काढा. मी पाठवतो." आणि त्यानं खास गाण्याच्या मशीनसाठी बनवलेली केबल पाठवली. किंमत त्यानं सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही, शेती विकावी लागल्यासारखं वाटू नये म्हणून. केबल धामणीएवढी जाड, वर जाळीचं कातडं, तोंडाला पिवळाधमक प्लग. पार्सलवाल्यानं खोकं ओट्यावर ठेवलं तेव्हा बांधावरचं मुंगूस येऊन बघून गेलं. केबलवर बाण काढलेला होता. पुतण्या म्हणाला, लाइट या दिशेनं गेली पाहिजे.

"पाइपातला फूटव्हॉल हाय म्हण की," दादा म्हणाले. "आत गेलेली मागं येत न्हाई."

शिवाय केबल जमिनीला टेकू द्यायची नव्हती. दादांनी तिच्याखाली जेवायचा पाट सरकवला. आणि ती लगेच सूर धरत नाही, काही दिवस चालून मुरावी लागते.

"मुरायला ती काय कैरी हाय का?" वहिनी म्हणाल्या. "आन केबलला पाट. मी हितं तीस-चाळीस वर्सं जेवतेय, मला कुणी पाट न्हाई मांडला."

"तू जमिनीला टेकली तर तुझा आवाज कमी व्हतो का?" दादा म्हणाले. वहिनींनी आतून जे उत्तर दिलं ते दादांना ऐकू आलं नाही. मला आलं. ते मी लिहीत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, आणि ही थाप नाही. ती केबल लावली त्या दुपारी मलाही फरक वाटला. विणेची तार सुटल्यावर जी कंपनं हळूहळू विरतात ती मला शेवटपर्यंत ऐकू आली. गाणाऱ्याच्या श्वासाची जागा ऐकू आली. मी थक्क झालो. नंतर रात्री जेवताना विचार केला : फरक कशानं पडला? खास केबल आली म्हणून दादांनी पंखा बंद केला होता. वहिनींना स्वयंपाकघरातला मिक्सर लावू नको म्हटलं होतं. मी मोबाइल घरी ठेवून गेलो होतो. फाटक लोटलं होतं, मांडी नीट घातली होती, आणि कपाळाला आठ्या पाडून ऐकत होतो. इतकी वर्षं त्या ओसरीवर बसलो, पण कीर्तनाला बसावं तसा मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. म्हटलं, केबलनं लाइटीचं काही केलं असेल नसेल, आमचं केलं.

आणि लाइटीचं तरी काय करणार? वावरात खांब लांब असतो, सगळी गळती त्या पल्ल्यात होते, म्हणून तिथं जाड तार कामी येते. ओसरीवर प्लग हाताच्या अंतरावर. त्याच्या मागं ती वीज कुठून कुठून कडुलिंबाच्या फांद्यांना घासत, डीपीवरच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, गाठी मारलेल्या फ्यूजमधून, चिमण्यांच्या घरट्याखालून येते. एवढा सगळा प्रवास बैलगाडीनं करायचा आणि शेवटची दोन पावलं पालखीत बसायचं, असं ते झालं. हे मला कळत होतं. दादांना सांगणं वेगळं. केबलचं कारण गेलं की मग कानच उरतात.

तेवढ्यात म्होरक्या माझ्याकडं येऊन बसला. चहा झाला. पाऊसपाण्याचं झालं. मग म्हणाला, "पंचाचं ठरलंय. औंदा मशीनवर माजलगावचा माणूस बसवायचा. तुमी दादांला सांगा."

"मी कावून?"

"भाऊ हाव तुमी."

"काय सांगू?"

"सांगा की... नवीन मशीन हाय, त्याला लाइट येगळी लागती."

"तुमीच या," मी म्हणालो. "केबल बघायला म्हणून या. बघून त्यांला काय ते बोला."

तो आला. दादांना आनंद झाला. त्यांनी त्याला चांगल्या खुर्चीत बसवलं, पंखा बंद केला, अँप्लिफायरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. दादा पेनड्राइव्ह शोधायला कोनाड्याकडं वळले, आणि म्होरक्या दिव्याकडं बघून म्हणाला, "वा! टाळ बगा की! आता कसे सुटे सुटे झाले!"

पेनड्राइव्ह अजून दादांच्या हातातच होता.

दादांनी अभंग लावला, म्होरक्यानं पुन्हा वा म्हटलं, माजलगावचा विषय तसाच पोटात घेऊन तो निघून गेला. पण गिरणीवाल्या माणसाला एक सवय असते. पिठाच्या वजनावर शंका आली की तो भांडत बसत नाही, पुन्हा काटा लावतो.

दुसऱ्या दुपारी मला हाक आली. "बारक्या, ये. बस हितं."

मी बसलो. दादा स्पीकरकडं पाठ करून माझ्याकडं तोंड करून बसले, हात अँप्लिफायरवर. म्हणाले, "मी अभंग लावतो. टाळ सुरू झाले की हात वर कर."

"दादा, या केबलनं तर टाळ असे—"

"तोंडानं एक शब्द न्हाई. तुझ्या तोंडाचा मला भरवसा न्हाई. हात तेवढा वर कर."

विणा लागली. गाणाऱ्याचा आवाज आला, पखवाज आला. ध्रुपद एकदा फिरून आलं आणि टाळ सुरू झाले. मी हात वर केला. दादांनी मान हलवली. जागा त्यांना माहीत होती. ती त्यांनीच भरून घेतली होती.

मग त्यांनी मशीन बंद केलं. पाटावरची केबल काढली, तिची वळकटी बाजूला ठेवली आणि अँप्लिफायरसोबत पहिल्या दिवशी खोक्यातून आलेली काळी वायर कपाटातून काढली. करंगळीपेक्षा बारीक. ती लावली. पंखा बंदच होता. पुन्हा तोच अभंग.

विणा. आवाज. पखवाज.

आता मला कळलं ते काय करत होते. हात खाली ठेवला असता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. केबल मोठी ठरली असती, लाइट वाईट ठरली असती, आणि माजलगावचा माणूस कसल्या तरी निमित्तानं दादांच्या जागेवर येऊन बसला असता. दादा वर्षभर खड्ड्यात पाणी घालत राहिले असते. ध्रुपद फिरून आलं. टाळ सुरू झाले, मघासारखेच, मघाच्याच ठिकाणी, तसूभर कमी नाहीत. दादा माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हते. फक्त हाताकडं बघत होते.

मी हात वर केला.

त्यांनी अभंग पूर्ण होऊ दिला. मग बटण दाबलं.

"दोन्हीत हायत," ते म्हणाले.

"हौ."

"सारखेच?"

"सारखेच."

"म्हणजी तारंत कायी न्हाई." त्यांनी काळी वायर काढून हातात घेतली. "कवापासून म्हाईत हाय तुला?"

"गेल्या सप्त्यापासून."

"समद्या गावाला?"

माझ्या जिभेवर तीन-चार चांगली उत्तरं आली होती. मी म्हणालो, "हौ."

"आन तरी तुमी माझ्या हातानं पोतंभर मीठ गाडून घेतलं?"

वहिनी केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. म्हणाल्या, "म्या तर तवाच म्हणले व्हते, अंबाजोगाईला जाऊन कान दावा."

"कवा म्हणलीस?"

"लई येळा. तुमाला ऐकू न्हाई आलं."

दादा आधी वहिनींकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं, आणि पुसायला जरा जास्तच वेळ लावला. आम्ही दोघांनी तिकडं बघितलं नाही.

अंबाजोगाईच्या डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र दिलं. बोलणं ऐकायला ते बरं आहे. वहिनींचं आता सगळं ऐकू येतं, आणि त्यामुळं घरात थोडे दिवस अशांतता होती. पण टाळ त्यातून पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखे येतात, म्हणून ऐकायला बसताना दादा ते काढून ठेवतात. केबल पुतण्यानं परत पाठवू नका म्हटलं, तेव्हा ती पुन्हा मशीनला लावलेली आहे. दिसायला चांगली दिसते, आणि ती लावली की माणसं अजूनही आपोआप गप्प बसतात. तेवढं तिचं काम ती करते. पाट वहिनींनी काढून नेला.

सप्ताह जवळ आल्यावर दादा स्वतः पंचांकडं गेले. मी सोबत होतो. दादा उभ्या उभ्याच म्हणाले, "टाळाचं बटण मला कळत न्हाई आता. बाकीची कळतेत. माजलगावचा माणूस बसवायचा तर बसवा, मी राग धरणार न्हाई. मला ठेवायचं तर बारक्याला शेजारी बसवीन."

पंचांनी एवढी तयारी करून ठेवलेली लाइटीची सगळी कारणं वाया गेली. म्होरक्यानं माझ्याकडं बघितलं. "यांला बसवणार? हे तर डासाचा हत्ती करतेत."

"म्हाईत हाय," दादा म्हणाले. "शिकवतो."

पहिल्या कीर्तनाला आम्ही दोघं मशीनमागं बसलो. मंडप भरला होता, बायकांच्या बाजूला वहिनी पुढंच होत्या. विणा लागली, टाळकरी उभे राहिले, टाळ सुरू झाले. दादांनी बारीक आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं कान न करता डोळे केले.

"कसे हायत?"

"दादा, चांदीच्या रुपयांचा पाऊस पडावा तसे—"

"तसं नको. पखवाजाच्या वर का खाली?"

मला चटकन सांगता येईना. आजवर कुठल्याच आवाजाला मी असा प्रश्न विचारला नव्हता. आवाज आला की त्याला काहीतरी म्हणून टाकायचं, एवढंच मला येत होतं. मी डोळे मिटले. पखवाज बाजूला काढला, टाळ बाजूला काढले, दोन्ही शेजारी ठेवले.

"वर," मी म्हणालो. "लई न्हाई. जरासे."

दादांनी बटण ज्वारीच्या दाण्याएवढं खाली घेतलं. "आता?"

"बरोबरीनं."

अजून अर्धा दाणा. "आता?"

महाराजांनी अभंगाचा पहिला चरण उचलला. समोरची म्हातारी माणसं मान डोलवायला लागली होती, पण ते बघून सांगायचं नव्हतं. मी पुन्हा ऐकलं.

"आता पखवाजाच्या खाली हायत," मी म्हणालो. "पण हायत."

दादांनी बटणावरचं बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवला.